नापासाचा कागद नीट वाचू या

धायरीहून एका परिचारिकेचं पत्र आलं आहे. थोडं संक्षिप्त करून देते.

“मॅडम, मी बी.एस्सी. नर्सिंग केलं आहे. पुण्यातल्या एका खासगी हॉस्पिटलात आयसीयूला चार वर्षं काम करते. नाइट ड्युट्या सांभाळून अभ्यास केला आणि मुंबईला जाऊन अमेरिकेत नर्सचा परवाना मिळवण्यासाठीची एनक्लेक्स-आरएन परीक्षा दिली. १५० प्रश्न आले. नापास झाले. रिपोर्टमध्ये मार्क कुठेच नाहीत. आठ विभागांची नावं आहेत आणि प्रत्येकापुढे ‘अबव्ह’, ‘निअर’ किंवा ‘बिलो पासिंग स्टँडर्ड’ असं लिहिलंय. मला दोन अबव्ह, तीन निअर, तीन बिलो आहेत. दोन विभागांत वर असूनही नापास कशी? किती मार्कांनी गेले? माझ्याबरोबरची मैत्रीण ८५ प्रश्नांत पास झाली. प्रश्नपेढी सोडवताना मला नेहमी साठ-बासष्ट टक्के पडायचे, ते काय खोटे होते? शेवटचे तीसेक प्रश्न मी वेळ संपेल या भीतीने भराभर उडवले, हेही सांगून टाकते. धाकट्या बहिणीला नर्सिंगच्या सीईटीत ८२ पर्सेंटाइल मिळाले. बाबा म्हणतात, ती ब्याऐंशी मार्क घेऊन आली आणि तू एवढे पैसे घालवून नुसता कागद आणलास. ओईटी (आरोग्यसेवेतल्यांची इंग्रजीची परीक्षा) झाली आहे, त्यात रायटिंगला ३४० आहेत, बाकी तिन्ही ३५० च्या वर. परत देऊ, यूकेकडे वळू, की हा नाद सोडू?”

तुझा पहिला प्रश्न ‘किती मार्कांनी गेले’ हा आहे. त्याचं उत्तर कुणाकडेच नाही, कारण या परीक्षेत त्या अर्थाने मार्क नसतात. ८५ प्रश्नांत पास झालेल्या तुझ्या मैत्रिणीकडेही मार्क नाहीत. तिला ‘पास’ एवढं एकच कळलं. आठ विभागांचा हा रिपोर्ट फक्त नापास झालेल्यांना मिळतो, आणि पुढच्या वेळी काय करायचं ते कळावं एवढ्याचसाठी तो काढलेला असतो. कुणी एजंट किंवा क्लासवाला ‘रिपोर्ट पाठवा, मार्क काढून देतो’ म्हणाला, तर त्याच्यापासून लांब राहा. त्या कागदातून मार्क निघतच नाहीत.

मग निकाल कशावर लागतो? एनक्लेक्स १९९४ पासून संगणकावर होते, आणि प्रत्येकीचा पेपर तिच्या उत्तरांप्रमाणे तिथल्या तिथे तयार होत जातो. उत्तर बरोबर आलं की पुढचा प्रश्न थोडा अवघड, चुकलं की थोडा सोपा. आयसीयूत तू नॉरअॅड्रेनॅलीनचा पंप लावतेस, तेव्हा एमएपी (सरासरी रक्तदाब) ६५ च्या वर टिकावं म्हणून रेट जरा वाढवून बघतेस, जरा उतरवून बघतेस, आणि पेशंट नेमका कुठे स्थिरावतो ते शोधतेस. संगणक तुझ्याबाबतीत हेच करत होता. असा अवघडपणा तो शोधतो, की ज्यावर तुझी निम्मी उत्तरं बरोबर येतील आणि निम्मी चुकतील. म्हणून हुशार मुलीचेही साधारण निम्मेच बरोबर येतात आणि कच्च्या मुलीचेही निम्मेच. फरक असतो तो निम्मे बरोबर कुठल्या पातळीच्या प्रश्नांवर आले याचा. ‘१५० पैकी किती बरोबर?’ हा घरात सगळेच विचारतात तो प्रश्न इथे लागू पडत नाही, तो यामुळे.

प्रश्नाचा अवघडपणा आणि तुझी क्षमता एकाच पट्टीवर मोजली जाते. त्या पट्टीच्या एककाला लॉजिट म्हणतात, आणि पास होण्याची रेषा त्यावर ०.०० ला आखलेली आहे. २०१३ साली ती उणे ०.१६ वरून ०.०० वर आणली, म्हणजे परीक्षा थोडी कठीण झाली. दर तीन वर्षांनी तिचा फेरविचार होतो. २०२३ मध्ये परीक्षेचं रूप बदललं, पण रेषा तिथेच ठेवली. ही रेषा बाकीच्या मुलींनी कसा पेपर लिहिला यावर हलत नाही, हे लक्षात ठेव. त्या दिवशी शंभर जणी बसल्या आणि शंभरही जणी रेषेच्या वर असल्या, तर शंभरही पास होतात.

आता तुझ्या रिपोर्टमधला सगळ्यात महत्त्वाचा आकडा. तो आठ विभागांत नाही, प्रश्नसंख्येत आहे. किमान ८५ प्रश्न सोडवावे लागतात. त्यानंतर प्रत्येक उत्तरागणिक संगणक स्वतःला विचारतो, ‘ही मुलगी रेषेच्या वर आहे किंवा खाली आहे, हे मी ९५ टक्के खात्रीने सांगू शकतो का?’ सांगू शकला की परीक्षा तिथेच थांबते. वरची खात्री झाली तर पास, खालची झाली तर नापास. म्हणजे ८५ ला थांबणं हे कौतुकाचंच असतं असं नाही. ८५ ला नापास होणाऱ्याही असतात, आणि त्यांच्याबाबतीत संगणकाला शंका उरलेली नसते. खात्री झाली नाही तर प्रश्न वाढत जातात, कमाल १५० पर्यंत. तिथे मात्र ९५ टक्क्यांची अट सुटते. शेवटचा अंदाज रेषेच्या वर असेल तर पास, नसेल तर नापास, मग तो केसभर का खाली असेना.

तुला १५० आले. याचा अर्थ शेवटच्या प्रश्नाच्या आधीपर्यंत संगणक तुला ना खात्रीने वर ठेवू शकला, ना खात्रीने खाली ढकलू शकला. तू रेषेला अगदी लागून होतीस. मी हे तुझी समजूत काढायला लिहीत नाही, परीक्षेच्या नियमातूनच ते निघतं. पत्रात तू १५० चा आकडा सहज जाता जाता लिहिलास आणि तीन ‘बिलो’वर रडलीस. मी उलटं वाचते. तेच तीन बिलो ८५ प्रश्नांच्या नापास रिपोर्टवर असते, तर माझं उत्तर वेगळं असतं.

त्या १५० मध्ये १५ प्रश्न असे असतात जे मोजलेच जात नाहीत. पुढच्या परीक्षांसाठी ते नुसते अजमावून पाहिले जातात, आणि कुठले ते कळत नाही. त्यामुळे ‘शेवटचा प्रश्न सोपा आला म्हणजे गेलीच’ किंवा ‘सगळी बरोबर उत्तरं निवडा, असे प्रश्न खूप आले म्हणजे पास’ या हॉस्टेलवरच्या गप्पांना अर्थ नाही. निकालाआधी परत नोंदणी करून बघायची आणि पैसे घेतले जातात का यावरून पास-नापास ओळखायची ती ‘ट्रिक’ही भरवशाची नाही.

आता आठ विभाग. दोन अबव्ह असताना नापास कशी, हा तुझा प्रश्न अगदी रास्त आहे. निकाल या आठ ओळींची बेरीज करून लागत नाही. तुझ्या सगळ्या मोजलेल्या उत्तरांवरून एकच अंदाज काढला जातो, त्यावर निकाल लागतो, आणि मग त्याच उत्तरांचे विषयवार गट पाडून तुला दाखवले जातात. सगळे निअर असूनही कुणी नापास होते. दुसरं म्हणजे विभाग सारख्या वजनाचे नाहीत. २०२३ च्या आराखड्यात मॅनेजमेंट ऑफ केअरला (कामाची वाटणी, संमती वगैरे) १५ ते २१ टक्के आहेत, औषधं आणि सलाइन-इंजेक्शनच्या विभागाला १३ ते १९, फिजिऑलॉजिकल अॅडाप्टेशनला ११ ते १७, सेफ्टी अँड इन्फेक्शनला १० ते १६, रिडक्शन ऑफ रिस्कला ९ ते १५, आणि हेल्थ प्रमोशन, सायकोसोशल, बेसिक केअर या तिघांना प्रत्येकी ६ ते १२. तुझे अबव्ह आहेत फिजिऑलॉजिकल अॅडाप्टेशन आणि रिडक्शन ऑफ रिस्क. आयसीयूच्या मुलीकडून मला हेच अपेक्षित होतं. एबीजी (रक्तातल्या वायूंची तपासणी), व्हेंटिलेटर, शॉक, लॅबचे आकडे हे तुझ्या हातातलं काम आहे. बिलो आहेत मॅनेजमेंट ऑफ केअर, हेल्थ प्रमोशन आणि सायकोसोशल. यातला पहिला विभाग सगळ्यात जड आहे. तुझं नुकसान तिथे झालं.

एक सावधगिरी. ढोबळ हिशेब केला तर मोजलेल्या १३५ प्रश्नांत हेल्थ प्रमोशनचे आठ ते सोळा प्रश्न येतात. एवढ्याशा प्रश्नांवरून काढलेला ‘बिलो’ फार पक्का मानायचा नाही. दोन उत्तरं इकडची तिकडे झाली की तो निअर झाला असता. मॅनेजमेंट ऑफ केअरचे वीस ते अठ्ठावीस प्रश्न येतात, तो बिलो मात्र गंभीरपणे घे. आणि ‘निअर’ म्हणजे काठावर पास असं समजू नकोस. त्या विभागातल्या उत्तरांवरून तू रेषेच्या वर की खाली हे ठरवता आलं नाही, एवढंच तो सांगतो. तुझा औषधांचा विभाग निअर आहे, आणि तो जड आहे. तो ‘जमतंय’ म्हणून सोडून दिलास तर पुढच्या वेळी तिथेच पाय घसरेल.

मॅनेजमेंट ऑफ केअरवर जरा जास्त लिहिते, कारण आपल्याकडच्या कितीतरी चांगल्या, अनुभवी सिस्टर इथेच अडकतात, आणि त्याला कारण त्यांची हुशारी कमी असणं हे नाही. आपल्या वॉर्डात कामाची वाटणी कशी असते ते तुला माहीत आहे. बेडपॅन मावशी देतात, पेशंटला भरवतो नातेवाईक, ट्रॉली मामा ढकलतात, आणि बाकीचं सगळं, अगदी फार्मसीचा फोन आणि बिलिंगचा गोंधळसुद्धा, सिस्टरच्या गळ्यात. कुणाला काय सांगायचं हे सवयीने आणि त्या दिवशी ड्युटीला कोण आहे यावरून ठरतं. अमेरिकेत ही वाटणी कायद्याने आणि परवान्याने बांधलेली आहे. रजिस्टर्ड नर्सने करायचं काम, प्रॅक्टिकल नर्सने (तिचं प्रशिक्षण आणि परवाना एक पायरी खालचा) करायचं काम आणि मदतनिसाचं काम वेगवेगळं आहे. पेशंटचं पहिलं मूल्यमापन, त्याला शिकवणं, केलेल्या उपचाराचा परिणाम जोखणं आणि निर्णय घेणं ही कामं रजिस्टर्ड नर्सने दुसऱ्याला द्यायची नाहीत. प्रॅक्टिकल नर्सकडे स्थिर, पुढे काय होणार याचा अंदाज असलेला पेशंट द्यायचा. मदतनिसाला नेहमीच्या, ठरलेल्या गोष्टी: स्थिर पेशंटचे व्हायटल्स (नाडी, रक्तदाब, ताप), इनटेक-आउटपुट, आंघोळ, चालवणं.

एक प्रश्न करून बघू. मी रचलेला आहे, परीक्षेतला नाही. मदतनिसाला यातलं कुठलं काम देशील? अपेंडिक्सच्या ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशीच्या, स्थिर असलेल्या पेशंटचे व्हायटल्स घेणं. स्ट्रोकनंतर आज पहिल्यांदाच तोंडाने खाणाऱ्या आजोबांना भरवणं. नव्याने इन्सुलिन सुरू झालेल्या बाईंना सुई कशी टोचायची ते दाखवणं. छातीत दुखतंय म्हणणाऱ्या पेशंटला ‘कसं दुखतंय’ ते विचारून येणं. आपल्या वॉर्डात आजोबांना भरवायला तू त्यांच्या सुनेला सांगितलं असतंस आणि त्यात काही गैर वाटलं नसतं. पण पहिल्या घासाला ठसका लागून तो श्वासनलिकेत जाण्याचा धोका असतो, म्हणून ते काम मदतनिसाचं नाही. शिकवणं नर्सचं. छातीतलं दुखणं हे मूल्यमापन आहे, तेही नर्सचंच. उरले व्हायटल्स. तुझ्या प्रश्नपेढीत असे सगळे प्रश्न एकत्र काढ आणि प्रत्येक चुकलेल्या उत्तरापुढे एकच ओळ लिही: ‘इथे मी आपल्या वॉर्डाप्रमाणे उत्तर दिलं का?’ मला वाटतं, निम्म्याहून जास्त ठिकाणी ‘हो’ येईल.

संमतीचंही तसंच. आपल्याकडे कॅन्सरचं निदान झालं की मुलगा कॉरिडॉरमध्ये गाठून म्हणतो, ‘सिस्टर, बाबांना काही सांगू नका.’ आपण सांगत नाही, आणि त्यामागे माया असते. एनक्लेक्सच्या प्रश्नात मात्र भानावर असलेला पेशंट स्वतःचा निर्णय स्वतः घेतो. मुलाचं काळजीने ऐकून घ्यायचं, पण माहितीवर हक्क पेशंटचा. संमतीपत्रावर सही घेण्याआधी शस्त्रक्रियेची माहिती देण्याची जबाबदारी डॉक्टरांची, नर्स सहीची साक्षीदार. पेशंट म्हणाला, ‘मला नीट समजलं नाही’, तर नर्सने स्वतः समजावून सही घ्यायची नाही, डॉक्टरांना परत बोलवायचं. पेशंटची माहिती नातेवाइकाला फोनवर देण्याबाबत तिथे १९९६ चा हिपा हा गोपनीयतेचा कायदा आहे. सायकोसोशलमधले तुझे बरेच प्रश्नही इथूनच गेले असतील. घाबरलेल्या पेशंटला आपण पटकन म्हणतो, ‘काही काळजी करू नका, सगळं ठीक होईल.’ त्या परीक्षेत असा पर्याय जवळपास नेहमीच चुकीचा असतो. पेशंटला बोलतं करणारा पर्याय शोधायचा.

हेल्थ प्रमोशनला गरोदरपण, नवजात बाळ, वाढीचे टप्पे, लसीकरण, वयानुसार तपासण्या येतात. आयसीयूत चार वर्षं काढल्यावर हे विसरायला होतं. लसींचं वेळापत्रक तिथलं वेगळं आहे, आपलं पाठ असलेलं इथे उलट गोंधळ घालतं. या विभागाला आठवड्यातून दोन संध्याकाळी पुरतील.

साठ-बासष्ट टक्क्यांबद्दल. ते खोटे नव्हते, पण ते वेगळ्याच गोष्टीचं माप होतं. प्रश्नपेढीतला टक्का त्यातले प्रश्न किती अवघड होते यावर अवलंबून असतो. एका पेढीतले साठ दुसरीतल्या पंचाहत्तरपेक्षा चांगले असू शकतात. टक्क्याऐवजी तिथे तोच संच सोडवणाऱ्या बाकीच्यांच्या तुलनेत तुझं स्थान दाखवलेलं असेल तर ते बघ, आणि तेही पहिल्यांदाच सोडवलेल्या प्रश्नांचं. दुसऱ्या फेरीत पंच्याऐंशी पडले की बरं वाटतं, पण तेव्हा आठवण काम करत असते. शिवाय २०२३ पासूनच्या नव्या प्रश्नांत गुण देण्याची पद्धत वेगळी आहे. ‘लागू असतील ते सगळे निवडा’ अशा प्रश्नाला प्रत्येक बरोबर निवडीला एक गुण मिळतो आणि प्रत्येक चुकीच्या निवडीला एक वजा होतो, शून्याच्या खाली मात्र जात नाही. खात्री नसलेले पर्याय ‘असू दे’ म्हणून टिचकवायची सवय असेल तर ती इथे महागात पडते. केस स्टडी प्रत्येकीला निदान तीन येतात, प्रत्येकीत सहा प्रश्न. लक्षण ओळखणं, त्याचा अर्थ लावणं, कशाला आधी हात घालायचा ते ठरवणं, उपाय काढणं, करणं, परिणाम बघणं, असा त्यांचा क्रम असतो. हे तू रोज करतेस. कागदावर सुटं सुटं करून बघायचा सराव हवा.

आता त्या तीस प्रश्नांविषयी, जे तू भराभर उडवलेस. मला वाटतं निकाल तिथे गेला. १५० व्या प्रश्नाला शेवटचा अंदाज रेषेच्या वर की खाली एवढंच बघतात, आणि तू रेषेला लागून होतीस. अशा वेळी न वाचता दिलेली तीस उत्तरं अंदाज खाली ओढायला पुरेशी आहेत. पाच तासांत १५० प्रश्न म्हणजे प्रश्नाला दोन मिनिटं, आणि विश्रांतीचा वेळही त्या पाच तासांतच मोजला जातो. पुढच्या वेळी असं धर: दर तीस प्रश्नांना एक तासापेक्षा जास्त नाही. सेंटरवर कच्च्या कामाला मिळते त्या पाटीवर परीक्षा सुरू होताच लिहून ठेव. आणि तरी वेळ संपतच आला, तर घाई करू नकोस. किमान ८५ प्रश्न झालेले असतील तर वेळ संपल्यावर सोडवलेल्या उत्तरांवरच निकाल लागतो. उरलेले प्रश्न चुकीचे धरले जात नाहीत. शांतपणे सोडवलेले १४० हे धांदलीत संपवलेल्या १५० पेक्षा केव्हाही बरे.

फेरतपासणीवर पैसे आणि मन खर्च करू नकोस. निकाल जाहीर होण्याआधी दोनदा तपासला जातो. आणि व्हॉट्सअॅप, टेलिग्रामवर ‘परीक्षेत आलेले प्रश्न’ म्हणून फिरणाऱ्या पीडीएफना हात लावू नकोस. परीक्षेला बसताना तू गोपनीयतेची अट मान्य केलेली असतेस. ती मोडली तर निकाल रद्द होऊ शकतो.

आता बाबांचं. त्यांच्यावर रागावू नकोस. घरात दोन निकाल आले, एकावर आकडा होता आणि एकावर नव्हता, त्यांनी आकडा धरला. पण पर्सेंटाइल म्हणजे मार्क नव्हेत, हे त्यांना आणि धाकटीलाही समजावून सांगायला हवं. ८२ पर्सेंटाइल म्हणजे परीक्षेला बसलेल्या शंभरातल्या ब्याऐंशी जणांना तिच्याइतके किंवा तिच्याहून कमी गुण मिळाले. तिचे प्रत्यक्ष गुण पंचावन्न असू शकतात किंवा साठ, ते पर्सेंटाइलवरून कळत नाही. तिचा निकाल बाकीच्यांच्या तुलनेत लागला, तुझा एका ठरलेल्या रेषेसमोर. दोन्ही कागद शेजारी ठेवून कोण पुढे हे ठरवता येत नाही. धाकटीसाठीही हे महत्त्वाचं आहे: ‘ब्याऐंशी आहेत, सरकारी कॉलेज मिळेलच’ असं घरात ठरवून टाकू नका. मेरिट लिस्टमधला तिचा क्रमांक, तिचा प्रवर्ग आणि गेल्या वर्षीच्या कॉलेजवार कट-ऑफ याद्या बघूनच पर्याय भरा.

ओईटीचे ३४० हे पाचशेपैकी अडुसष्ट टक्के म्हणून वाचू नकोस. तिथे ३५० ते ४४० म्हणजे बी, ३०० ते ३४० म्हणजे सी प्लस. यूकेच्या नर्सिंग अँड मिडवाइफरी कौन्सिलला लिसनिंग, रीडिंग, स्पीकिंगला बी लागतो आणि रायटिंगला सी प्लस चालतो. म्हणजे ज्या ३४० ची तुला लाज वाटते आहे, ते यूकेसाठी पुरेसे आहेत. पुढे तिथेही सीबीटी ही संगणकावरची परीक्षा आणि मग प्रत्यक्ष कौशल्याची ऑस्की परीक्षा आहेच. ओईटीच्या निकालाची मुदत तेवढी कौन्सिलच्या संकेतस्थळावर स्वतः तपास, एजंटच्या शब्दावर राहू नकोस.

तरी माझं मत विचारशील तर एनक्लेक्स आणखी एकदा दे. रेषेला लागून असलेली मुलगी, कमजोर विभाग कुठला ते माहीत, वेळेची चूक कुठे झाली तेही माहीत. इतक्या स्पष्ट कारणांनी नापास झालेल्या फार जणी मी पाहिलेल्या नाहीत. ४५ दिवसांनंतर परत बसता येतं, पण ती किमान मुदत आहे. तुझ्या ड्युट्या बघता मी तीन-साडेतीन महिने घेईन. नोंदणीचे २०० डॉलर आणि भारतात परीक्षा देण्याचे १५० डॉलर परत भरावे लागतील, वर कर, आणि अमेरिकेतल्या ज्या राज्यात तू अर्ज केलास तिथल्या नर्सिंग बोर्डाची फी असेल ती वेगळी. म्हणजे तीस हजारांच्या वरच धर. हा आकडा बाबांना आधीच सांग, नंतर कळू देऊ नकोस. या पैशांची सोय झाल्याशिवाय तारीख घेऊ नकोस. कर्ज काढून तर मुळीच नको.

अभ्यासाचा निम्मा वेळ मॅनेजमेंट ऑफ केअर आणि औषधांना दे. फिजिऑलॉजिकलला आठवड्यातून एकदा हात लावलास तरी पुरे. तो विषय आवडतो म्हणून त्यात रमशील, ते टाळ. नाइटहून आल्यावर प्रश्न सोडवू नकोस; तेव्हा चुकलेल्या उत्तरांवरून काहीच कळत नाही, नुसता धीर खचतो. महिन्यातून दोनदा पाच तास सलग बसून पूर्ण १५० प्रश्न सोडव, दर तीस प्रश्नांना घड्याळ बघत.

या वेळी परीक्षेच्या आदल्या रात्री ड्युटी होती का, ते तू लिहिलेलं नाहीस. असेल, तर पुढची तारीख ठरली की इन्चार्ज सिस्टरना त्याच दिवशी सांगून आधीच्या दोन रात्री मोकळ्या करून घे, आणि मुंबईला आदल्या संध्याकाळीच जाऊन राहा. पहाटेच्या बसने घाट उतरून थेट सेंटरवर पोचू नकोस. दुसऱ्यांदाही रेषेखालीच राहिलीस, तर नवा रिपोर्ट आणि हा जुना, दोन्ही मला पाठव. मॅनेजमेंट ऑफ केअर पुढे काय लिहिलंय आणि किती प्रश्नांना परीक्षा थांबली, हे बघून यूकेचा अर्ज कधी करायचा ते ठरवू.